न शिवलेले गणवेश : बेसबॉलच्या ‘जर-तर’ इतिहासाकडे पाहताना

आजचा विषय ऐकून थोडं हसू येणं साहजिक आहे. आपण आज बेसबॉल संघांच्या अशा कपड्यांविषयी बोलणार आहोत, जे कधी शिवलेच गेले नाहीत. अमेरिकेत आणि कॅनडात एक छंद चांगला रुजलेला आहे. अमुक संघ अमुक साली तमुक शहरात गेला असता तर, किंवा गेला तो गेलाच नसता तर, त्याचा गणवेश कसा दिसला असता, याची चित्रं काढायची. टोपी, सदरा, विजार, मोजे, छातीवरची अक्षरं, बाहीवरचं चिन्ह, सगळं बारकाईने. घरच्या मैदानाचा संच वेगळा, बाहेरगावचा वेगळा.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. आता त्या माणसाने कपड्यांच्या चित्रांत का शिरावं? तर आमचं म्हणणं असं आहे की, हा छंद म्हणजे इतिहासातल्या एका जुन्या वादाची छोटीशी प्रयोगशाळा आहे. त्यातून एक अगदी आजचा प्रश्नही उभा राहतो: संघ कोणाचा? मालकाचा, की गावाचा?

‘इतिहासात जर-तरला जागा नसते’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. ई. एच. कार यांनी १९६१ साली ‘व्हॉट इज हिस्टरी?’ या पुस्तकात जर-तरच्या प्रश्नांची बोळवण बैठकीतला खेळ म्हणून केली. दुसऱ्या बाजूला मॅक्स वेबर आहे. तो म्हणतो, एखादी घटना दुसरीचं कारण होती असं आपण म्हणतो, तेव्हा मनातल्या मनात ती घटना वगळून आपण पाहिलेलंच असतं. मॅरेथॉनच्या लढाईत ग्रीक हरले असते तर काय झालं असतं, हा विचार केल्याशिवाय ‘ती लढाई निर्णायक होती’ या वाक्याला अर्थच उरत नाही.

आपल्या न्यायदर्शनाने या व्यापाराला फार सुटसुटीत नाव दिलंय: तर्क. ‘अग्नी नसता तर धूरही नसता.’ पण नैयायिकांनी इथे एक मेख मारून ठेवली आहे. तर्क हे स्वतः प्रमाण नव्हे, तो प्रमाणाला मदत करतो. ही मेख शेवटपर्यंत ध्यानात ठेवू या.

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. जयंत नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा आठवा. १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांचा जीव घेणारी गोळी त्या दुसऱ्या जगात नुसती चाटून जाते, आणि पुढचा सगळा इतिहास बदलतो. या कथेचं ‘द अ‍ॅडव्हेंचर’ हे इंग्रजी रूप पुष्कळांनी अकरावीच्या पाठ्यपुस्तकात वाचलं असेल. त्यात बदललेली मुंबई कुठे दिसते? लोकलच्या निळ्या डब्यांवर, त्यांवरच्या अनोळखी आद्याक्षरांत, आणि प्रत्येक डब्यावर रंगवलेल्या चिमुकल्या युनियन जॅकमध्ये. सत्ता कोणाची, हे रंग आणि अक्षरं सांगून जातात. काल्पनिक गणवेश काढणारा माणूस हेच करत असतो.

आता थोडी पार्श्वभूमी. अमेरिकी व्यावसायिक बेसबॉलमध्ये संघ ही मालकाची मालमत्ता असते. मालक संघ उचलून दुसऱ्या शहरात नेऊ शकतो, मात्र त्याला इतर मालकांची संमती लागते. मतदान होतं ते मालकांचं. गावाला मत नाही, प्रेक्षकाला नाही, खेळाडूलाही नाही. १९२२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून मोकळं ठेवलं, त्यामुळे मालकांच्या या मंडळाचा अधिकार फार मोठा झाला.

आपल्याकडच्या आयपीएलमुळे हे समजायला सोपं जातं. २०१८ साली कावेरीच्या आंदोलनामुळे चेन्नई सुपर किंग्जचे साखळीतले उरलेले घरचे सामने पुण्याला आले. गहुंजेचं मैदान पिवळं झालं, चेन्नईहून प्रेक्षकांना घेऊन खास रेल्वेगाडी आली. ते पाहुणे होते, परत जाणार होते. पण समजा, परत गेलेच नसते तर? पिवळा रंग राहिला असता का? सिंह राहिला असता का? छातीवर काय लिहिलं असतं? आपल्याला क्षणभर मजेदार वाटणारा हा प्रश्न अमेरिकेतल्या कितीतरी शहरांनी खरोखर भोगलेला आहे.

१९०३ ते १९५२ या अर्धशतकात तिथल्या दोन मोठ्या लीगमधले १६ संघ जागचे हलले नाहीत. सेंट लुइसच्या पश्चिमेला एकही संघ नव्हता. मग १९५३ साली ब्रेव्ह्ज बॉस्टनहून मिलवॉकीला गेले आणि बांध फुटला. १९५४ मध्ये सेंट लुइसचे ब्राउन्स बाल्टिमोरला, १९५५ मध्ये फिलाडेल्फियाचे अ‍ॅथलेटिक्स कॅन्सस सिटीला, १९५८ मध्ये ब्रुकलिनचे डॉजर्स लॉस एंजेलिसला आणि न्यूयॉर्कचे जायंट्स सॅन फ्रान्सिस्कोला. ही झाली घडलेली स्थलांतरं. त्यांच्या आजूबाजूला न घडलेल्यांची मोठी रांग आहे, आणि आपला चित्रकार तिथे काम करतो.

त्याचं साहित्य काय? रूढ पद्धत अशी की, घरचा गणवेश पांढरा, बाहेरचा राखाडी. घरच्या सदऱ्यावर बहुधा संघाचं टोपणनाव, बाहेरच्यावर शहराचं नाव. टोपीवर शहराचं आद्याक्षर. म्हणजे संघ गाव बदलतो तेव्हा सगळ्यात आधी टोपी आणि राखाडी सदरा बदलतो. पांढऱ्यावर ‘डॉजर्स’ हा शब्द १९५७ सालीही होता, १९५८ सालीही तसाच राहिला. टोपीवरचा ‘बी’ मात्र गेला आणि ‘एल.ए.’ आलं. परगावी जाणाऱ्या राखाडी सदऱ्यावर ‘ब्रुकलिन’ असे, ते पुसलं गेलं. आपलं नाव घेऊन दुसऱ्याच्या दारात जाणारा तो सदरा होता.

आता नियम पाहू. चांगला काल्पनिक गणवेश आणि नुसता देखणा काल्पनिक गणवेश यांत फरक असतो, आणि तो नियमांनी ठरतो.

पहिला नियम वेबरचाच म्हणा: कारण एकच बदला, आणि तेही शक्य तितकं लहान. सेंट लुइस ब्राउन्सची गोष्ट घ्या. १९४१ साली मालक डोनाल्ड बार्न्स संघ लॉस एंजेलिसला हलवायच्या तयारीत होता. मालकांच्या बैठकीत हा विषय ८ डिसेंबरला यायचा होता. ७ डिसेंबरला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. प्रस्ताव तिथेच बारगळला. ब्राउन्स सेंट लुइसलाच राहिले, १९४४ साली त्यांनी आपली एकमेव लीग जिंकली, आणि दहा वर्षांनी बाल्टिमोरला जाऊन ओरिओल्स झाले.

इथे उतावळा चित्रकार म्हणतो, समजा युद्धच झालं नाही. झालं, संपलं! युद्ध काढलंत तर बेसबॉलचंच काय, जगाचंच चित्र नव्याने काढावं लागेल. शहाणा चित्रकार म्हणतो, समजा बैठक आठवडाभर आधी झाली. मग प्रस्ताव मंजूर होतो, आणि हल्ला मात्र ठरल्या दिवशी होतो. आता १९४२ सालचा लॉस एंजेलिसचा गणवेश काढा. तो लोकरी फ्लॅनेलचा असेल. त्याच्या बाहीवर ढालीच्या आकाराचं, ‘हेल्थ’ असं लिहिलेलं चिन्ह असेल, कारण त्या वर्षी सगळ्याच मोठ्या संघांनी ते लावलं होतं. ताडाची झाडं, मावळता सूर्य, गुलाबी छटा यांतलं काही नसेल. ती लॉस एंजेलिसची नंतरची प्रतिमा आहे. युद्धकाळातलं ते शहर किनाऱ्यावरचे दिवे मंद करून बसलं होतं.

दुसरा नियम नावाचा. ब्राउन्स लॉस एंजेलिसला गेले असते तर ब्राउन्सच राहिले असते का? बहुतेक चित्रांत तपकिरी टोपीवर ‘एल.ए.’ दिसतं, आणि ते सुंदरही दिसतं. पण खऱ्या इतिहासाला विचारा. कोणी नाव टिकवलं? ब्रेव्ह्ज, अ‍ॅथलेटिक्स, डॉजर्स आणि जायंट्स यांनी. हे चारही संघ हलण्याआधी कधी ना कधी वर्ल्ड सिरीज जिंकलेले होते. कोणी सोडलं? १९५४ साली ब्राउन्सनी, १९६१ साली वॉशिंग्टनच्या सेनेटर्सनी, १९७० साली सिअ‍ॅटलच्या पायलट्सनी, १९७२ साली वॉशिंग्टनच्याच दुसऱ्या सेनेटर्सनी, आणि २००५ साली मॉन्ट्रियलच्या एक्स्पोजनी. या पाचांपैकी चौघांनी वर्ल्ड सिरीज कधी जिंकली नव्हती. पाचवा, म्हणजे पहिला सेनेटर्स, १९२४ चा विजेता होता. पण ‘सेनेटर्स’ हे नाव राजधानीतच शोभणार, आणि लीगने त्याच वर्षी त्याच नावाचा नवा संघ वॉशिंग्टनला देऊनही टाकला.

म्हणजे काय? नाव गावाशी बांधलेलं आहे की नाही, एवढ्यावर ते टिकत नाही. ‘डॉजर्स’ हे नाव ब्रुकलिनच्या ट्रॉलीगाड्या चुकवणाऱ्या लोकांवरून आलं. लॉस एंजेलिसच्या उन्हात त्याला काही अर्थ नव्हता, तरी ते टिकलं, कारण त्याच्यामागे कीर्ती होती. नाव टिकतं ते बहुधा कीर्तीवर. कीर्ती नसेल तर नवं गाव आपल्या मातीतलं नाव पुढे करतं. बाल्टिमोरने आपल्या जुन्या लहान संघाचं ‘ओरिओल्स’ दिलं, मिलवॉकीने ‘ब्रुअर्स’ दिलं. लॉस एंजेलिसपाशी तेव्हा पॅसिफिक कोस्ट लीगमधलं ‘एंजल्स’ हे नाव तयारच होतं. तेव्हा तपकिरी ‘एल.ए.’ देखणं खरं, पण १९४२ साली तिथे एंजल्स उतरले असते आणि तपकिरी रंग सेंट लुइसच्या धोबीघाटावर राहिला असता, ही शक्यता आम्हाला जास्त वाटते.

या नियमाला एक गमतीचा पुरावा आहे. १९७४ च्या हंगामाआधी सॅन दिएगोचे पाद्रेस वॉशिंग्टनला विकले जाणार हे जवळजवळ नक्की झालं होतं. टॉप्स कंपनीने खेळाडूंची चित्रं असलेले पत्ते छापले. विली मॅककोव्हीसारख्या खेळाडूच्या पत्त्यावर संघाचं नाव म्हणून नुसतं ‘वॉशिंग्टन’ आलं, आणि पुढे ‘नॅशनल लीग’चं संक्षिप्त रूप. टोपणनाव नाहीच! पाद्रेस हा १९६९ चा कोवळा संघ, पदरात विजय नाही. त्याचं नाव वॉशिंग्टनला जाईल असं छापणाऱ्यालाही वाटलं नाही, आणि नवं अजून ठरलं नव्हतं. मग जानेवारीत मॅकडोनाल्ड्सच्या रे क्रॉकने संघ विकत घेतला आणि तो सॅन दिएगोतच ठेवला. ते पत्ते म्हणजे न घडलेल्या इतिहासाचं छापील कागदपत्र आहे. तर्काला असा पुरावा क्वचितच मिळतो.

तिसरा नियम कापडाचा. कल्पनेला काळाची शिवण असते. पाठीवर कायमचे आकडे न्यूयॉर्कच्या यांकीजनी १९२९ साली आणले. शिकागोच्या कब्जनी १९३७ मध्ये चेन लावली. पाठीवर खेळाडूंची नावं १९६० साली शिकागो व्हाइट सॉक्सनी लावली. जुलै १९७० मध्ये पिट्सबर्गचे पायरेट्स विणलेल्या, ताणल्या जाणाऱ्या कृत्रिम कापडात उतरले, तेव्हा बटणं गेली, पट्टा गेला, कमरेला इलॅस्टिक आलं, आणि भडक रंगांचं पेव फुटलं. फ्लॅनेलवर नमद्याची अक्षरं हाताने बेतून शिवायची असत, त्यामुळे ती ठसठशीत आणि साधी. १९५० च्या काल्पनिक गणवेशावर बारीक छटांची अक्षरं दिसली, तर ती त्या काळच्या शिंप्याला शिवताच आली नसती, हे ओळखावं.

मार्क ओकोनेन यांचं इथे ऋण मानलं पाहिजे. त्यांनी विसाव्या शतकातल्या प्रत्येक मोठ्या संघाचा दर वर्षाचा गणवेश जुन्या छायाचित्रांतून शोधून रेखाटला आणि १९९१ साली तो ग्रंथ प्रसिद्ध केला. खरं काय होतं हे इतकं नेमकं नोंदलेलं असल्यामुळेच खोटं नेमकेपणाने काढता येतं. ज्याचं वर्तमान विस्कळीत, त्याचं जर-तरही विस्कळीत.

इतके नियम सांगितल्यावर आता नियमांची खोड मोडणारी एक गोष्ट सांगू. सिअ‍ॅटलचे पायलट्स १९६९ साली जन्मले आणि एका हंगामात दिवाळखोर झाले. मिलवॉकीचा बड सेलिग संघ घ्यायला टपून होता. दिवाळखोरी न्यायालयाचा निकाल लागला ३१ मार्च १९७० ला. मिलवॉकीत पहिला सामना होता ७ एप्रिलला. सामान घेऊन निघालेले ट्रक युटामधल्या प्रोव्होजवळ थांबून होते, कारण सिअ‍ॅटलकडे वळायचं की मिलवॉकीकडे, हेच ठरलेलं नव्हतं. सेलिगच्या मनात मिलवॉकीच्या जुन्या ब्रुअर्सचे गडद निळा आणि लाल हे रंग होते. पण नवे गणवेश शिवायला वेळ कुठला? पायलट्सच्या सदऱ्यांवरची अक्षरं उसवली आणि त्या जागी ‘ब्रुअर्स’ शिवलं. जुन्या अक्षरांचे वण कापडावर दिसत राहिले.

मिलवॉकीचा निळा-सोनेरी रंग तेव्हापासूनचा. म्हणजे आज ज्या रंगासाठी तिथली मुलं जीव टाकतात, तो सिअ‍ॅटलच्या समुद्राचा आणि वैमानिकांचा रंग आहे. तो मिलवॉकीला आला, कारण एका न्यायाधीशाचा निकाल आणि पहिला सामना यांत सात दिवस होते. हा निकाल दोन महिने आधी लागला असता तर? कोणत्याही काल्पनिक चित्रकाराने ‘मिलवॉकीने सिअ‍ॅटलचे रंग ठेवले’ असं काढलं असतं, तर आपण म्हटलं असतं, पटत नाही. पण हे घडलं. तर्क हे प्रमाण का नव्हे, ते इथे कळतं. जे पटतं ते घडतंच असं नाही. जे घडलं त्याने पटण्याची वाट पाहिली नाही.

रंग परंपरेचा आहे की अपघाताचा, हे जर-तर विचारल्याशिवाय उमगत नाही. याचं सगळ्यात मोठं उदाहरण अ‍ॅथलेटिक्स, म्हणजे लाडाने ‘एज’. १९०१ ते १९५४ हा संघ फिलाडेल्फियात होता. १९०२ साली जायंट्सच्या जॉन मॅग्रॉने हिणवलं की, फिलाडेल्फियाच्या मालकांनी पांढरा हत्ती पोसायला घेतला आहे. पांढरा हत्ती म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. व्यवस्थापक कॉनी मॅकने तो टोमणाच उचलला आणि हत्तीलाच संघाचं चिन्ह केलं.

‘एज फिलाडेल्फियातच राहिले असते तर’ हा चित्रकारांचा आवडता विषय. आणि कितीतरी जण तिथे हिरवा-सोनेरी गणवेश काढतात, कारण आपल्या डोळ्यांपुढे एज म्हणजे हिरवा रंग. पण हिरवा फिलाडेल्फियाचा नव्हेच! तिथे मुख्यतः निळा होता. हिरवा-सोनेरी आणला चार्ल्स फिनली या विमाव्यावसायिकाने, आणि तो १९६३ साली, कॅन्सस सिटीत. फिनलीने हत्ती काढून टाकला आणि चार्ली ओ. नावाचं जिवंत खेचर मैदानात फिरवलं. एज फिलाडेल्फियात राहिले असते तर संघ फिनलीच्या हाती जाण्याचं कारणच उरत नाही, आणि मग हिरवाही नाही. एक कारण ओढलं की सोबत काय काय निघून येतं, ते बघा.

फिनलीला कॅन्सस सिटीत करमलं नाही. जानेवारी १९६४ मध्ये त्याने केंटकीतल्या लुइव्हिलशी करारही केला. संघाला ‘केंटकी कर्नल्स’ म्हटलं तर गणवेशावरची ‘के.सी.’ ही अक्षरं बदलायचा खर्च वाचेल, असा त्याचा हिशेब होता, असं सांगतात. लीगच्या मालकांनी ९ विरुद्ध १ मतांनी तो प्रस्ताव फेटाळला. चार वर्षांनी तो संघ ओकलंडला घेऊन गेला. म्हणजे ओकलंडने ज्या हिरव्यावर पाच दशकांहून जास्त प्रेम केलं, तो रंग ओकलंडला पाहून निवडलेला नव्हता.

मग तो ओकलंडचा नव्हता का? इथे आपण थांबून विचार केला पाहिजे, कारण हाच आजचा मुख्य मुद्दा आहे. रंग कुठून आला यावरून तो कोणाचा हे ठरतं, असं मानलं तर जगात कोणाचंच काही स्वतःचं उरणार नाही. आमच्या मते रंग ज्यांनी वापरला, धुतला, विटवला, पोरांच्या अंगावर चढवला, त्यांचा होतो. उगम अपघाती असेल. मालकी सहवासाने येते.

पण कायदा असं मानत नाही. निदान बेसबॉलमध्ये नाही. अमेरिकी फुटबॉलमध्ये एक अपवाद घडला. १९९५ साली क्लीव्हलँड ब्राउन्सच्या मालकाने संघ बाल्टिमोरला न्यायचं जाहीर केलं. शहर न्यायालयात गेलं, पुढल्या वर्षी तडजोड झाली: खेळाडू आणि करार मालकाने न्यावेत, नाव, रंग आणि इतिहास क्लीव्हलँडलाच राहील. १९९९ साली त्याच नावाने, त्याच रंगात नवा संघ उभा राहिला. हा काल्पनिक गणवेश नव्हे. पण ‘रंग गावाचा’ हे तत्त्व कुठेतरी कागदावर आलं.

दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर आपण नुसते हळवे होऊ. न झालेल्या स्थलांतराचं चित्र फार सहज गोड होतं. ‘डॉजर्स ब्रुकलिनमध्येच राहिले असते तर’ या चित्रांत हळहळ भरून असते. पण मालक वॉल्टर ओमॅलीला ब्रुकलिनमध्ये अटलांटिक आणि फ्लॅटबुश या रस्त्यांच्या नाक्यावर जागा हवी होती. शहरबांधणीचा सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेसने ती नाकारली आणि क्वीन्समधलं फ्लशिंग मेडोज पुढे केलं. समजा ओमॅलीने ते घेतलं असतं, तर टोपीवर काय राहिलं असतं? क्वीन्समध्ये खेळणाऱ्या संघाच्या टोपीवर ब्रुकलिनचा ‘बी’? संघ न्यूयॉर्क शहरातच राहिला असता आणि तरी ब्रुकलिनने तो गमावला असता. आणि न्यूयॉर्क मेट्स? त्यांनी १९६२ साली डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा नारिंगी एकत्र केला, दोन गेलेल्या संघांची आठवण म्हणून. डॉजर्स राहिले असते तर ही आठवण ठेवायची गरजच पडली नसती.

लॉस एंजेलिसच्या टोकालाही पाहा. डॉजर्सचं मैदान १९६२ साली शावेझ रवीन या टेकड्यांमध्ये उघडलं. तिथे मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांच्या तीन वस्त्या होत्या. १९५९ साली शेवटच्या कुटुंबांना घराबाहेर ओढून काढल्याची छायाचित्रं प्रसिद्ध आहेत. तेव्हा वाटतं, डॉजर्स आलेच नसते तर त्या वस्त्या वाचल्या असत्या. पण बहुतेक लोकांना १९५० च्या सुमारासच, सरकारी घरांच्या योजनेसाठी म्हणून, उठवलं गेलं होतं. ती घरं नंतर बांधलीच गेली नाहीत. म्हणजे डॉजर्सचं येणं वगळलं तरी तो अन्याय बहुतांशी उरतो. ब्रुकलिनचा सुंदर काल्पनिक गणवेश शावेझ रवीनला परत आणत नाही. जर-तरचा उपयोग स्वप्न रंगवायला जितका, तितकाच दोष नेमका कुठे ठेवायचा ते ठरवायलाही आहे.

आता आजच्या काळात येऊ. एजच्या मालकाने संघ लास व्हेगासला न्यायचं ठरवलं. १३ जून २०२३ ला ओकलंडच्या प्रेक्षकांनी उलटा बहिष्कार टाकला: मैदान ओस पाडण्याऐवजी भरून टाकलं. २७,७५९ लोक आले. हजारोंच्या अंगावर हिरवा शर्ट होता, आणि त्यावर ‘एज’ नव्हतं, शहराचं नावही नव्हतं. एकच शब्द होता: ‘सेल’, म्हणजे विका. मालकाला उद्देशून. मालकांच्या मतदानात ज्यांना मत नव्हतं, त्यांनी ते छातीवर लिहिलं. गावाने स्वतः बेतलेला हा गणवेश होता, आणि त्याचा रंग मालकाच्या गणवेशाचाच होता.

संघ गेला. २६ सप्टेंबर २०२४ ला ओकलंडमधला शेवटचा सामना झाला. व्हेगासचं मैदान २०२८ साठी बांधलं जातंय, तोवर संघ सॅक्रामेंटोजवळच्या एका लहान मैदानावर खेळतो. आणि त्याचं अधिकृत नाव? नुसतं ‘अ‍ॅथलेटिक्स’. पुढे शहर नाही. २०२५ मध्ये सदऱ्याच्या एका बाहीवर सॅक्रामेंटोच्या पुलाचं चिन्ह आलं, दुसऱ्या बाहीवर लास व्हेगासचं. एक बाही पाहुणचाराची, दुसरी पुढल्या मुक्कामाची.

आम्ही एवढी काल्पनिक चित्रं पाहिली, पण गावच नसलेला संघ कोणी काढलेला आमच्या पाहण्यात नाही. का, याचा विचार करा. चित्र काढणारा मुळात असं धरूनच चालतो की संघ कुठल्यातरी गावाचा असतो. तो गाव बदलतो, काळ बदलतो, नाव बदलतो, पण टोपीवर कोणत्या तरी गावाचं अक्षर ठेवतोच. हे त्याने कुठे लिहिलेलं नसतं, त्याच्या चित्रातच गृहीत असतं. मालकांच्या बैठकीत मात्र ते गृहीत धरलं जात नाही.

म्हणून या छंदाकडे आपण आदराने पाहावं. त्याने इतिहास बदलत नाही. तर्क हे प्रमाण नव्हे, हे आपण सुरुवातीलाच कबूल केलं. पण कोणती गोष्ट अटळ होती आणि कोणती सात दिवसांच्या घाईची, कोणता रंग गावाने कमावला आणि कोणता एका मालकाच्या लहरीने आला, निर्णयाच्या खोलीत कोण बसलं होतं आणि कोण बाहेर उभं होतं, हे तो नीट दाखवतो. ज्याला घडलेल्या इतिहासाची प्रत्येक शिवण ठाऊक आहे, त्यालाच न घडलेल्याचा सदरा बेतता येतो.

इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा. विशेषतः, चेन्नईचा संघ पुण्याला कायमचा राहिला असता तर टोपीवर काय असतं, याचं उत्तर ज्यांनी मघापासून मनात तयार ठेवलंय, त्यांनी आधी त्याचं कारण सांगावं, रंग नंतर.